काळी, पांढरी आणि गारगोटीचे पाते

खानदेशातल्या जुन्या शेतकऱ्याला जमिनीचे दोन रंग पाठ असतात. पिकते ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. गिरणा, पांझरा, बोरी, तापी यांच्या काठाने चालत गेले की अधूनमधून शेतांच्या मधोमध एखादे टेकाड लागते. भोवती काळीभोर जमीन आणि टेकाडाची माती मात्र राखाडी, भुसभुशीत, पायाखाली मऊ. पिढ्यान्‌पिढ्यांची चुलीची राख, कोसळलेल्या कुडाच्या भिंती, गोठ्यातले शेण, हाडे, खापरे हे सगळे कुजून आणि मिसळून ही माती तयार झालेली असते. खत म्हणून ती उत्तम. म्हणून गाड्या भरून ती शेतात नेऊन पसरायची रीत जुनी आहे. पुरातत्त्वज्ञाला जे हवे असते तेही याच मातीत असते.

पावसाने वरचा थर धुतला गेला की अशा पांढरीवर उन्हात काहीतरी चमकते. वाकून पाहिले तर बोटाच्या दोन पेरांएवढे, नखापेक्षा अरुंद, दुधी रंगाचे दगडी पाते. दोन्ही कडा समांतर, पाठीवर एक किंवा दोन उभे कंगोरे, पोटाची बाजू गुळगुळीत आणि किंचित फुगीर. उजेडासमोर धरले तर पातळ कडेतून प्रकाश आरपार येतो. अंगठ्याने धार पाहण्याचा मोह आवरलेला बरा, कारण तीन-साडेतीन हजार वर्षे मातीत राहूनही ती कातडी कापते.

हे पाते कोणाचे? शिकाऱ्याचे की शेतकऱ्याचे? ते बाणाच्या टोकाशी बसवलेले होते की विळ्याच्या कडेला? त्याने हरणाचे कातडे सोलले की जवाची ओंबी कापली? प्रश्न लहान वाटतो, पण आपल्या मुलखात शेती कशी आली आणि तिने माणसाचे जगणे किती बदलले, याचे उत्तर त्यात अडकलेले आहे. माझे म्हणणे मी आधीच सांगून टाकतो. शिकारी मागे पडला आणि शेतकरी पुढे गेला, अशी जी रेघ आपण शाळेपासून मनात ओढून ठेवली आहे, ती खानदेशातल्या दगडी हत्यारांमध्ये सापडत नाही. हत्यारे नीट वाचली तर उलटेच दिसते. इथे शेती आली ती जुन्या जगण्याच्या शेजारी येऊन बसली आणि फार काळ त्या जगण्याच्या आधारानेच टिकली.

ही रेघ आली कुठून, ते आधी पाहू. १८६५ साली जॉन लबक या इंग्रज अभ्यासकाने अश्मयुगाचे जुने आणि नवे असे दोन भाग केले. दगड नुसता फोडून हत्यार करणारा माणूस जुन्या अश्मयुगातला, घासून-पुसून गुळगुळीत कुऱ्हाड करणारा नव्या अश्मयुगातला. पुढे १९३६ मध्ये गॉर्डन चाइल्ड यांनी शेतीच्या आरंभाला नवाश्मयुगीन क्रांती असे नाव दिले. त्यांच्या डोळ्यांसमोर पश्चिम आशिया आणि युरोप होते. तिथल्या पुराव्याला ती मांडणी बऱ्याच अंशी लागूही पडत होती. पण नाव इतके ठसठशीत होते की जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते जिना होऊन बसले. खालच्या पायरीवर शिकारी, मधल्या पायरीवर गुराखी, वरच्या पायरीवर शेतकरी. हत्यार म्हणजे पायरीचा क्रमांक. दगडाचे हत्यार सापडले की माणूस खालचा, तांबे सापडले की वरचा.

आता हा जिना खानदेशात आणून उभा करून पाहू.

चाळीसगाव तालुक्यात पाटणे आहे. पाटणादेवीमुळे आणि भास्कराचार्यांच्या नावामुळे ते सगळ्यांना ठाऊक असते. सातमाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या या गावी डॉ. एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केले. धुळे आणि जळगाव हे त्यांचे महत्त्वाचे कार्यक्षेत्र. पाटण्याला त्यांना मध्य पुराश्मयुगापासून मध्याश्मयुगापर्यंतचे थर एकावर एक मिळाले. त्यांत शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे होते, त्या कवचांचे मणी होते आणि एका तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेषांची नक्षी कोरलेली होती. कवचाचे वय कार्बन-१४ पद्धतीने सुमारे २५,००० वर्षे निघाले. ज्या मुलखात आज केळीच्या बागा आणि कपाशी दिसते, तिथे तेव्हा मोकळी गवताळ माळराने होती, त्यांवर शहामृग धावत होते आणि त्यांच्या अंड्याच्या कवचावर कुणीतरी निवांत बसून नक्षी कोरत होते. याच थरांतून गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान पाती निघाली. समांतर कडांची, कंगोरा असलेली, खोबणीत बसवण्याजोगी.

आता तिथून गिरणेच्या काठी बहाळला या. तालुका तोच. इथे म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५० च्या दशकात उत्खनन केले. सर्वांत खालच्या थरात जाड करडी भांडी मिळाली, दक्षिणेकडच्या नवाश्मयुगीन वस्त्यांशी नाते सांगणारी. त्यावर ताम्रपाषाण काळातली रंगीत भांडी. नदीच्या पलीकडे टेकवाडे येथे त्याच काळातली दफने सापडली. ही स्थिर वस्ती करणारी माणसे. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातली. त्यांच्या पांढरीतून काय निघाले? तीच लहान समांतर पाती. तापी आणि गोमाईच्या संगमावर प्रकाशा आहे. तेव्हाचा पश्चिम खानदेश, नंतरचा धुळे आणि १९९८ पासूनचा नंदुरबार जिल्हा. तिथे बी. के. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केले. पहिल्या कालखंडात रंगीत भांडी, दळण्या-कुटण्याचे दगड, तांब्याचा जेमतेम वापर आणि पुन्हा तीच पाती.

पाटण्याच्या शिकाऱ्यामध्ये आणि बहाळच्या शेतकऱ्यामध्ये वीस हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. एकाचे शहामृग नाहीसे झाले, दुसऱ्याच्या दारात गाय बांधलेली आहे. पण दोघांची पाती शेजारी ठेवली तर नवख्याला वेगळी काढता येणार नाहीत. जाणकाराला आकारमानात, दगड निवडण्यात आणि पाते काढण्याच्या पद्धतीत फरक दिसतो. तरी कल्पना एकच आहे: दगडातून सरळ धारेची पट्टी काढायची आणि ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत डिंकाने बसवायची.

ही पट्टी काढणे हे खरे कसब आहे. आपला सगळा दख्खन बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत सिलिका साचून कॅल्सेडनी, अकीक, जॅस्पर तयार झाले. त्याच पोकळ्यांतले झिओलाइटचे स्फटिक जळगावच्या खाणींतून निघतात आणि जगभरच्या संग्रहालयांत जातात. काळा पाषाण झिजून मातीत गेला तरी हे कठीण गोटे उरतात आणि नदी त्यांना काठावर आणून टाकते. कारागीर असा मुठीएवढा गोटा घेतो. एका बाजूने आळीपाळीने ठोके देत उभा कणा उठवतो. मग त्या कण्याच्या माथ्याशी हाडाची किंवा लाकडाची टोकदार खुंटी ठेवून नेमका दाब किंवा ठोका देतो. कण्याच्या रेषेने पहिली पट्टी सुटते. तिच्या जागी दोन नवे कंगोरे तयार होतात, आणि त्यांच्या आधाराने पुढची पट्टी निघते. एकामागून एक पाती सुटत जातात आणि शेवटी उभ्या पन्हळी पडलेला लहानसा गाभा हातात उरतो. पांढरीवर असे गाभेही सापडतात. पाते हरवून आलेले असू शकते, पण गाभा आणि कपच्यांचा ढीग सापडला तर ते काम तिथेच बसून केलेले असते. नर्मदाकाठच्या नावडाटोलीला इतकी पाती आणि इतकी कपच्यांची रास मिळाली की जवळजवळ प्रत्येक कुटुंब आपली पाती आपणच करत असावे, असे तिथे उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञ सांकलियांना वाटले.

मग पात्यावरून धंदा ओळखायचा कसा? त्यासाठी अभ्यासकांनी पात्याच्या कडेवर काय उरले आहे ते पाहायला सुरुवात केली. सोव्हिएत रशियातले सर्गेई सेम्योनोव यांनी १९५७ मध्ये यावर ग्रंथ लिहिला. कातडे, हाड, लाकूड, गवत यांपैकी ज्यावर हत्यार चालते त्याप्रमाणे त्याच्या धारेची झीज वेगवेगळी होते आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते, हे त्यांनी दाखवले. यातली सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे विळ्याची झळाळी. गवताच्या कुळातल्या वनस्पतींच्या देठांत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. गहू, जव, रानगवत कापून कापून दगडाच्या कडेला आरशासारखी चकाकी चढते. बलुचिस्तानातल्या मेहरगढला डांबराने चिकटवलेल्या लहान पात्यांचा विळा मिळाला. त्यावरून अशी पाती कापणीला वापरत होते, याविषयी शंका उरत नाही.

तरीही ही झळाळी फसवू शकते, आणि दोन्ही बाजूंनी फसवू शकते.

पहिली बाजू अशी. झळाळी म्हणजे सिलिका असलेली वनस्पती कापली एवढेच. ती पेरलेली होती की आपोआप उगवलेली, हे ती सांगत नाही. १९६६ मध्ये जॅक हार्लन या वनस्पतिशास्त्रज्ञाने तुर्कस्तानात डोंगरउतारावरचा रानगहू आधी हाताने ओरबाडून आणि मग गारगोटीच्या पात्यांच्या विळ्याने कापून पाहिला. हाताने तासाला सुमारे दोन किलो धान्य मिळाले, विळ्याने त्याहून थोडे जास्त. एक कुटुंब तीन आठवड्यांत वर्षाचे धान्य गोळा करू शकेल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे न पेरताही विळा चालतो आणि चमकतोही. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला तर हे समजावून सांगायला नको. छपरासाठी गवत कापावे लागते, कुडासाठी बोरू आणि कारव्या लागतात, टोपलीसाठी बांबू चिरावा लागतो. या सगळ्यांत सिलिका असते. चमकणारे पाते घर शाकारणाऱ्याचेही असू शकते.

दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या शेतात रोज दिसते. आपल्याकडे सगळेच पीक विळ्याने निघते का? हरभरा उपटतात. मसूर, वाटाणा, लाख मुळासकट ओढून काढतात. शेंगा तोडतात. ज्वारी-बाजरीची कणसे खुडतात. दख्खनमधल्या ताम्रपाषाण काळाची सर्वांत तपशीलवार माहिती पुणे जिल्ह्यातल्या इनामगावहून मिळते. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. तिथल्या जळक्या बियांत जव मुख्य होता, सोबत थोडा गहू, आणि मसूर, हुलगा, लाख, वाटाणा अशी कडधान्ये. या यादीतली निम्म्याहून अधिक पिके उपटायची आहेत. ती पिकवणारा माणूस वर्षभर शेतात राबला तरी त्याच्या पात्यावर झळाळी चढणार नाही. केवळ चकाकी शोधत बसलो तर तो आपल्याला शेतकरी म्हणून दिसणारच नाही. पश्चिम आशियातल्या गव्हाच्या शेतीवरून तयार झालेली कसोटी हुलगा-मसुराच्या मुलखाला तशीच लावणे, हे घरात न डोकावता दारावरच्या पाटीवरून माणूस ओळखण्यासारखे आहे.

म्हणून मला वाटते की पात्याकडून जरा नजर काढून आपण दुसऱ्या दगडाकडे पाहावे. तो चमकत नाही, संग्रहालयाच्या काचेत त्याला मानाची जागा नसते, आणि पांढरीवर तो पडलेला दिसला तर माणसे त्याला ठेचकाळून पुढे जातात. तो म्हणजे दळणाचा दगड. काळ्या पाषाणाची जाड चीप, दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये घोड्याच्या खोगिरासारखी खोलगट झिजलेली. सोबत हातात धरायचा लांबट वाटा. गोल फिरणारे जाते, ज्याला खानदेशात घरोट म्हणतात आणि जे बहिणाबाईंच्या कवितेमुळे महाराष्ट्रभर पोहोचले, ते फार पुढचे, सातवाहनांच्या काळाच्या आसपासचे. त्याआधी हजारो वर्षे दळण म्हणजे गुडघे टेकून, पुढे झुकून, दोन्ही हातांनी वाटा पुढे-मागे रेटणे. आजही ज्या घरात पाटा-वरवंटा आहे, त्या घरात अश्मयुगातले एक हत्यार रोजच्या वापरात आहे.

या दगडाची साक्ष वेगळी आहे. पाते एक-दोन ग्रॅमचे. शंभर पाती कमरेच्या पिशवीत घालून माणूस सातपुडा ओलांडेल. दळणाचा दगड कित्येक किलोचा. तो खांद्यावर घेऊन रोज मुक्काम हलवता येत नाही. जड दगड एका ठिकाणी राहतो आणि माणसाला थांबायला लावतो. त्याचा खळगा किती खोल आहे, यावरून त्याच्यापुढे किती पहाटा गुडघे टेकले गेले, ते कळते. अर्थात शिकारीही रानबिया आणि गेरू दळत होते, त्यामुळे एकटा दळणाचा दगडही शेतीचा दाखला ठरत नाही. पण वस्तीतला हलका दगड आणि जड दगड यांचे प्रमाण पाहिले, त्याला घरांचे आकार, बिया आणि हाडे यांची जोड दिली, की माणसे किती फिरत होती आणि किती थांबत होती हे दिसू लागते. हत्यारांना विचारण्याचा खरा प्रश्न हाच आहे. शिकारी की शेतकरी हा नव्हे. किती फिरस्ता आणि किती स्थिर हा.

हा प्रश्न घेऊन धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात कावठ्याला गेले की उत्तर किती गुंतागुंतीचे आहे ते कळते. डेक्कन कॉलेजने १९८० च्या दशकात इथे उत्खनन केले आणि १९९० मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. तापीकाठच्या सावळदा गावावरून जिला नाव मिळाले, त्या सावळदा संस्कृतीची ही वस्ती, साधारण चार हजार वर्षांपूर्वीची. वस्तीचा पसारा मोठा, पण मातीचा थर जेमतेम अर्ध्या मीटरचा. म्हणजे माणसे पुष्कळ होती, पण फार काळ राहिली नाहीत, किंवा हंगामापुरती येत-जात राहिली. घरे जमिनीत खड्डा घेऊन केलेली, गोल आणि लंबगोल. दगडी पात्यांच्या बरोबरीने हाडांची हत्यारे. रंगवलेली चांगली भांडी आहेत, गुरे आहेत, आणि तरी पाय अजून पुरते रोवलेले नाहीत. यांना जिन्याच्या कोणत्या पायरीवर बसवणार? ढवळीकरांनी यांना निमभटके म्हटले. तो शब्द मला नेमका वाटतो. पण एका अटीवर. निमभटके म्हणजे शेतकरी होता होता राहिलेले, असा त्याचा अर्थ घेऊ नये. पावसाची शाश्वती नसलेल्या मुलखात काही महिने पेरणे आणि काही महिने गुरांमागे जाणे हा पूर्ण विचारान्ती घेतलेला निर्णय असतो.

शेती तरी कोणत्या जमिनीवर होती? दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या परिसरात स्वतः पायी फिरून सूक्ष्म पाती गोळा करत. त्या पात्यांच्या जागा, धनगरांच्या वाटा आणि उघड्यावरच्या देवींची ठाणी यांचा संबंध त्यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात मांडला. दख्खनची भारी काळी जमीन लोखंडी फाळाशिवाय मोठ्या प्रमाणावर लागवडीखाली येणे शक्य नव्हते, हा त्यांचा मुद्दा होता. खानदेशातल्या ताम्रपाषाण वस्त्यांच्या जागा पाहिल्या की तो पटतो. वस्त्या नदीला चिकटून आहेत. पूर ओसरल्यावर मागे राहणारी मळई मऊ असते, ओल धरते आणि तिला खोल नांगरट लागत नाही. धरणाचे पाणी हटल्यावर आपण आज गाळपेर करतो, तशीच ती पेर. टोकदार काठीने भोक पाडायचे आणि बी टोबायचे. काठीला वजन यावे म्हणून तिच्यात ओवायचे मध्ये भोक असलेले गोल दगड अनेक प्राचीन वस्त्यांतून मिळतात. जव, गहू, मसूर ही थंडीतली पिके अशा ओलीवर येतात. प्रकाशा आणि बहाळ या दोन्ही ठिकाणी लोखंड वरच्या, नंतरच्या थरांत दिसते. म्हणजे आपण जिला खानदेशची खरी शेतजमीन समजतो, ती काळी, पहिल्या शेतकऱ्यांच्या काळात बहुतांशी गवताची आणि झाडोऱ्याची होती. तिच्यावर गुरे चरत होती आणि हरणे फिरत होती. पांढरी आधी वसली, काळी नंतर उघडली.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. जुने जगणे चालू राहिले असेल, पण शेतीने खरोखर काहीच बदलले नाही का? बदलले, आणि पुष्कळ बदलले. इनामगावला घरांच्या रांगा आहेत, धान्याची कोठारे आहेत, पाणी वळवण्यासाठी पाट आणि बांध आहे, घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली बालके आहेत. आपल्या मेलेल्या मुलाला घरातच पुरणाऱ्या माणसाचे त्या जागेशी नाते किती घट्ट असेल! साठवण आली तशी मालमत्ता आली, आणि एकाचे घर दुसऱ्यापेक्षा मोठे झाले. हे सगळे खरे आहे. पण त्याच इनामगावच्या कचऱ्यात गाय, शेळी, मेंढी यांच्या हाडांबरोबर हरणांची हाडे आहेत आणि बियांत रानबोरे आहेत. इ.स.पू. १००० नंतर तिथली चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली आणि शिकारीचा वाटा वाढला. जिन्याची कल्पना खरी असती तर हे घडायला नको होते. याच सुमारास तापीच्या खोऱ्यातली ताम्रपाषाण गावे ओसाड पडली. ढवळीकरांच्या मते हवामान कोरडे होत गेले हे त्यामागचे कारण. कारणाविषयी अभ्यासकांत मतभेद असले तरी जे घडले ते स्पष्ट आहे. ज्यांना जमले ते जुन्या जगण्याकडे वळून तगले. शिकार, गुरे, रानमेवा ही त्यांनी मागे टाकलेली पायरी नव्हती. ती त्यांची शिल्लक होती.

तांब्याविषयीही हेच. या काळाला आपण ताम्रपाषाण म्हणतो आणि जोर तांब्यावर देतो. पण तांबे लांबून आणावे लागे, महाग असे, मोडले तर वितळवून पुन्हा घडवावे लागे. त्याच्या कुऱ्हाडी आणि बांगड्या मोजक्या. गारगोटी मात्र नदीच्या काठी फुकट पडलेली. पाते बोथट झाले तर खोबणीतून काढून नवे बसवायचे, सगळे हत्यार टाकायचे नाही. आज आपण जसे ब्लेड बदलतो तसे. तांबे ठाऊक असूनही माणसांनी दगड सोडला नाही याचे कारण अज्ञान नव्हते. जे आपल्या हाताने करता येते, ज्यासाठी कुणाच्या दारात जावे लागत नाही, ते हत्यार शेतकऱ्याला परवडते. बियाण्यापासून औषधापर्यंत सगळे विकत आणणाऱ्या आजच्या शेतकऱ्याला या निवडीतले शहाणपण वेगळे सांगावे लागणार नाही.

हा वाद मला केवळ जुन्या काळाचा वाटत नाही. जिना आपल्या डोक्यात पक्का बसला आहे म्हणून आपण आजच्या माणसांनाही पायऱ्यांवर बसवतो. धुळ्याकडचा ठेलारी मेंढपाळ कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवतो, त्या शेताला लेंडीखत मिळते आणि त्याला धान्य मिळते. सातपुड्यातला पावरा किंवा भिल्ल शेतकरी ज्वारी पेरतो आणि त्याच वर्षात मोहफुले वेचतो, चारोळी गोळा करतो, नदीत मासे धरतो. आपण याला मागासलेपण म्हणतो, अर्धवट शेती म्हणतो, आणि एका पिकावर सगळा डाव लावणाऱ्याला प्रगतिशील म्हणतो. पण ज्या वर्षी पाऊस डोळे वटारतो त्या वर्षी कोण उभा राहतो आणि कोण कोसळतो, हे खानदेशाने अनेकदा पाहिले आहे. शेती, गुरे, शिकार आणि रानमेवा अशा चार धाग्यांचे जगणे हा या मुलखातला सर्वांत जुना आणि सर्वांत कसाला लागलेला शोध आहे. कावठ्याच्या खड्ड्यातल्या घरांपासून तो चालत आलेला आहे. सगळ्यांनी मोहफुले वेचायला जावे असे मी म्हणत नाही. पण ज्यांनी हे ज्ञान जपले त्यांना इतिहासाच्या खालच्या पायरीवर बसवण्याचा अधिकार आपल्याला कोणत्याही पुराव्याने दिलेला नाही. आपल्या पायाखालचा पुरावा तर त्यांच्या बाजूने बोलतो.

हा पुरावा मात्र झपाट्याने जातो आहे. बहाळ आणि प्रकाशा ही उत्खनने सत्तर वर्षांपूर्वीची. माती पाण्यात तरंगवून तिच्यातली जळकी बी वेगळी काढायची रीत तेव्हा आपल्याकडे रुळली नव्हती. आज ती आहे, दळणाच्या दगडाच्या खळग्यात अडकलेले स्टार्चचे कण ओळखण्याचे तंत्र आहे, पात्यांची झीज पाहायला उत्तम सूक्ष्मदर्शक आहेत. प्रश्न विचारायची साधने हाती आली तेव्हा उत्तरे देणारी पांढरी ट्रॅक्टरने भरून चालली आहे. पूर्वी बैलगाडी वर्षाला टेकाडाचा कोपरा नेई. आता यंत्र दोन दिवसांत टेकाड सपाट करते. यात शेतकऱ्याचा दोष काढणे सोपे आणि अन्यायाचे आहे. त्या मातीत काय आहे हे त्याला कुणी जाऊन सांगितलेच नाही.

म्हणून एक विनंती आहे. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ उभे आहे, जळगावात विद्यापीठ आहे, तालुक्यातालुक्यात महाविद्यालये आहेत. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या भोवतालच्या गावांतल्या पांढरींची यादी करावी, विद्यार्थ्यांनी त्या पायी पाहाव्यात आणि गावसभेत त्यांची माहिती द्यावी. यासाठी मोठे उत्खनन लागत नाही, मोठा पैसा लागत नाही. आणि वाचकहो, तुमच्या शेताच्या बांधाला राखाडी मातीचे टेकाड असेल, त्यावर दुधी रंगाचे पाते चमकताना दिसले किंवा खोलगट झिजलेला काळा दगड पायाला लागला, तर तो तिथेच राहू द्या. फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि जाणत्या माणसाला कळवा. जागेवरून उचललेले पाते म्हणजे नुसती सुंदर गारगोटी. राखेत, बियांत आणि हाडांत जागच्या जागी राहिले तरच ते आपल्या पहिल्या पेरणीची साक्ष देऊ शकेल.